नदीला टेकलेली शेतं

मुलांनो, आज वड्या कापताना ताटात लांब, अरुंद पट्ट्या पडल्या आणि २००४ सालचं अमेरिकेतलं मेन राज्य आठवलं.

तुमच्या आईला तिथल्या नदीकाठच्या खेड्यात डॉक्टरची नोकरी मिळाली होती. मी तिला सोडायला गेले, तर मला ते जगाचं टोक वाटलं. “इथे एकटी राहू नकोस,” मी हटूनच बसले.

पलीकडच्या काठावर कॅनडातला पॅरिश होता, म्हणजे चर्चभोवतीचं गाव. तिथली शेतं अशीच अरुंद, पाण्यापर्यंत उतरलेली.

तिची घरमालकीण मूळची त्या काठावरचीच. ती म्हणाली, “आमच्या फ्रेंच पूर्वजांना इंग्रजांनी समुद्रकाठच्या गावांतून हाकललेलं. या नदीकाठी त्यांनी जमीन अशी वाटली, की प्रत्येकाला नदी मिळावी आणि हाक शेजारी पोचावी.”

“आई, ऐकलंस ना? आता तरी टेन्शन सोड!” तुमची आई हसली.

मी घरमालकिणीला विचारलं, “कोथिंबीर कुठल्या खिडकीत चांगली येईल?”