दादाचा बॉयलर आणि वेधशाळा

घरात तिला सगळे 'वेधशाळा' म्हणतात, आणि त्यात कौतुक कमी, सूड जास्त आहे. जेवायला किती जण येणार असं वहिनीने विचारलं, तर ही सांगणार, "तीन ते पाच, चारची शक्यता जास्त." सरळ उत्तर द्यायचं तिच्या अगदी जिवावर येतं. नोकरीच तशी आहे. उद्या पवनचक्क्या किती वीज देतील, सौर पॅनेलवर किती ऊन पडेल, हे रोज दुपारी ती कळवते. तेवढ्याने भागणार नसेल, तरच वीजकेंद्रातला कोळशाचा बॉयलर पेटवतात.

आता गंमत अशी, की त्या बॉयलरचा मुख्य तिचा सख्खा मोठा भाऊ. पूर्वी बॉयलर वर्षभर धगधगायचा, आणि दादाही. गेली काही वर्षं बॉयलर आठवडेच्या आठवडे थंड असतो, आणि त्याचं खापर दादा बहिणीच्या डोक्यावर फोडतो. खिडकीतून झुळूक आली, तरी हिनेच धाडली असावी अशा नजरेने बघतो.

दादाच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाज संशय यावा इतका मऊ. उद्याचा वारा कसा आहे, त्याने विचारलं. भरपूर आहे, ती म्हणाली. मग वहिनीचे गुडघे झाले, पाहुणे झाले, आणि गाडी मुद्द्यावर आली.

"वारा जरा कमी सांग ना. एकदा पेटलेला बघून घरी जाईन म्हणतो."

दुपारी आकडा कळवायची वेळ झाली. आकडा थोडा खाली ओढला असता, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण चांगल्या फिरत्या चक्क्या थांबवून उगाच कोळसा जाळायचा? तिने दोनदा आकडा खोडला, दोनदा तोच लिहिला. शेवटी मन घट्ट करून खरं ते कळवून टाकलं.

संध्याकाळी ती चोरासारखी दादाच्या घरी गेली. दादा पाय पसरून टीव्ही बघत होता. वहिनीने हळूच सांगितलं, सकाळचा फोन ठेवल्याठेवल्याच याने बॉयलरवरच्या सगळ्यांना उद्याची सुट्टी देऊन टाकली.

"मग माझ्या जिवाला घोर कशाला लावलास?" ती चिडली.

"लहानपणापासून हट्ट तूच केलेस. म्हटलं, एकदा आपणही करून बघू. पुरवणार नाहीस, ते माहीत होतं." दादाने टीव्ही बंद केला. "उद्या तिथे मी एकटाच आहे. रजा टाक आणि ये. बॉयलर दाखवतो."

इतकी वर्षं जो बॉयलर तिने थंड ठेवला, तो तिने एकदाही पाहिला नव्हता.