तेरा रविवार हरलेले भावोजी

हरताना माणूस उघडा पडतो, असं माझं पक्कं मत होतं. आमचे भावोजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, लागोपाठ बारा रविवार पोकरमध्ये हरले आणि तरी उघडे पडले नाहीत. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

माझं आधीच सांगून टाकतो. मी चाळीस वर्षं एका कारखान्याच्या फाटकावर झडती घ्यायचं काम केलं. सुटीचा भोंगा झाला की माणसं हात वर करून रांगेत उभी राहायची आणि मी त्यांच्या बाह्या, खिसे, जेवणाचे डबे चाचपायचो. मोज्यात तांब्याची तार, डब्यात भाजीखाली पितळी नळ, सगळं पाहून झालंय. जे घाबरायचे त्यांच्याकडे बहुधा काही नसायचं. जो अगदी शांत उभा असायचा, त्याला मी दोनदा चाचपायचो.

भावोजी घड्याळं दुरुस्त करतात. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर त्यांना पोट आत घ्यावं लागतं. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, दिवसभर मान खाली. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज कधी चढला नाही, हे बहीण मोठ्या कौतुकाने सांगते. मला विचाराल तर त्यात कसलं आलंय कौतुक! माणसाने अधूनमधून आदळआपट करावी, म्हणजे तो कळतो तरी.

दर रविवारी दुपारी टेलरमास्तरांच्या दुकानामागच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलावर आमचा डाव बसतो. मास्तर, दातांचे डॉक्टर, भावोजी आणि मी. लावायला शर्टाची बटणं. सगळ्यांना सारखी, संपली की त्या दिवसापुरतं नुसतं बघत बसायचं. डाव उठला की मी भावोजींबरोबर बहिणीकडे जेवायला जातो. माझी बायको गेल्यापासून आठवड्यात एवढं एकच जेवण मला कुणीतरी वाढलेलं मिळतं. बाकीचे दिवस मी आणि माझी कढई.

मी हरलो की पत्ते आपटतो. डॉक्टर हरले की मास्तरांच्या पत्ते पिसण्याला नावं ठेवतात. भावोजींचं मात्र भलतंच. एकदा तीन बादशहा हाती आलेले, अर्धी बटणं लावलेली, आणि शेवटचा पत्ता उलटला तो नेमका बदामाचा. डॉक्टरांचे पाच बदाम जमले, आणि पाच बदामांपुढे तीन बादशहा हरतात. आम्ही तिघंही ओरडलो. भावोजी म्हणाले, "चांगला झाला डाव," आणि उठून मागच्या बेसिनकडे गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. दोन मिनिटांनी आले, बसले, पुढचे पत्ते बघितले आणि शांतपणे टाकून दिले.

असं दरवेळी. मोठा डाव गेला की बेसिन. मी डोळ्यात तेल घालून बघायला लागलो. भावोजींचं दुकान मास्तरांच्याच जागेत आहे. जिंकतात जास्त करून मास्तर. मग हा माणूस जागेच्या मालकाला खूश ठेवायला मुद्दाम हरत असेल का? की बेसिनपाशी जाऊन बाहीतले पत्ते बदलत असेल? पण बदलून हरेल कशाला? याचं उत्तर मला सापडत नव्हतं, म्हणून तर संशय आणखी वाढला.

बहिणीला म्हटलं, "कुठेतरी पाणी मुरतंय."

ती भांडी पुसत होती. "दादा, नोकरी संपली रे तुझी. आता तरी माणसांना हात खाली घेऊ दे." मग थांबून म्हणाली, "माझ्यावर संशय घे हवा तर. त्यांना दुखवू नकोस. एवढं एकच मागते."

मी मान डोलावली. डोलावायला काय जातं?

तेराव्या रविवारी भावोजींचे दोन एक्के मास्तरांच्या तीन दुऱ्यांपुढे पडले. भावोजी उठले. नळ सुटला. मीही उठलो आणि पाय न वाजवता मागे गेलो. बघतो तर पाणी नुसतं वाहतंय आणि या गृहस्थाची बोटं डाव्या बाहीत!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांचं मनगट धरलं, भिंतीशी उभं केलं आणि म्हणालो, "हात वर करा."

त्यांनी केले. का केले कोण जाणे. मी दोन्ही बाह्या चाचपल्या, खिसे उलटे केले, कॉलरखाली बोटं घातली. मास्तर आणि डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. मला मिळाला एक रुमाल आणि एक छोटा पेचकस.

"नाडी बघत होतो, दादा," भावोजी म्हणाले. हात अजून वरच होते.

"कसली नाडी?"

"आमच्या वस्तादांची शिस्त होती. नाडी पंच्याहत्तरच्या वर असेल तर चिमट्याला हात लावायचा नाही. वाहत्या पाण्याकडे बघितलं की ती उतरते. धडधडत्या हाताने केसासारखी स्प्रिंग धरली की ती गेलीच. पत्त्यांचंही तसंच. डाव जातो तो पत्त्यांमुळे, त्यात आपली चूक असतेच असं नाही. पण तो राग घेऊन पुढचा डाव खेळलो, तर ती मात्र आपली चूक."

"मग सांगितलं का नाहीत कधी?"

"कुणी विचारलंच नाही."

मास्तरांनी नळ बंद केला. डॉक्टर उगाचच खोकले. मी म्हणालो, "चला, बसू या परत."

भावोजींनी हात खाली घेतले, खिसे आत ढकलले आणि चपला पायात सरकवल्या. "तुम्ही खेळा. आज मला जमायचं नाही."

तेरा रविवारांत हा माणूस डाव अर्धवट टाकून पहिल्यांदाच गेला. मास्तरांनी माझ्यापुढची बटणं ओंजळीत घेतली आणि डब्यात टाकली.

संध्याकाळी बहिणीकडे गेलो. पाय उचलत नव्हते, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. तिने दार उघडलं आणि हळू आवाजात विचारलं, "एवढं काय हरले रे आज? बारा वेळा हरून आले तरी पोटभर जेवायचे. आज आले ते दार लावून बसलेत."

म्हणजे भावोजींनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी 'पत्ते वाईट आले' म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण लाज वाटली, स्वतःचीच. सगळं सांगितलं, खिसे उलटे केले तेही.

मांडलेली तिन्ही ताटं तिने परत फळीवर ठेवली. "जा, तू बोलाव त्यांना. ते बाहेर आले तरच मी वाढेन."

चाळीस वर्षांत मी एकाही माणसाची माफी मागितली नव्हती. नियमातच नव्हती ती. दारावर टकटक केली आणि म्हणालो, "भावोजी, चुकलो मी. फार चुकलो. बाहेर या."

आतून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा हळू.

"थोडं थांबा, दादा. अजून नव्वदच्या वर आहे."

मी तिथेच दाराबाहेर जमिनीवर बसून राहिलो.