एका पासवर अख्खं घर

"मॅडम, गेटवर या. पाच माणसं आहेत आणि पास एक आहे," सिक्युरिटीचा फोन आला. मी खाली पोहोचेपर्यंत पाचांची रांग झाली होती आणि ती कंपाऊंडबाहेर रस्त्यावर गेली होती.

चंद्रपुरातल्या एका सांस्कृतिक केंद्रात मी प्रोग्राम कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे व्याख्यानं, प्रदर्शनं, नाटकं ठरवायची, माणसं जमवायची आणि काही बिनसलं की बोलणी खायची. त्या रविवारी आम्ही वडसा भागातल्या एका कंपनीचं झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावांतलं नाटक ठेवलं होतं. गावात हे नाटक रात्र रात्र चालतं. आम्ही शहरासाठी काटछाट करून अडीच तासांचं मागितलं होतं, तेही दुपारी. नाटकानंतर एका प्राध्यापकांबरोबर चर्चा. प्रवेश मोफत, पण पास आवश्यक.

आमच्या धंद्यात 'नो-शो' नावाचा प्रकार असतो. फुकट पास घेणारे पुष्कळ लोक ऐन वेळी येतच नाहीत. म्हणून आम्ही खुर्च्यांपेक्षा थोडे जास्तच पास वाटतो. त्या वेळीही वाटले. प्रत्येकावर ठळक छापलं होतं, 'एका व्यक्तीसाठी'. व्यवस्थित काम केल्याचं समाधान मला तेव्हा फार होतं.

रांगेत सर्वांत पुढे वंदनाबाई होत्या. बाबूपेठेत राहतात, अंगणवाडी सेविका आहेत, माहेर मूल या गावचं. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला येतात, त्यामुळे ओळख होती. आज त्यांच्या अंगावर ठेवणीतली साडी होती. सोबत मुलगी रुपाली आणि तीन अनोळखी माणसं.

"वंदनाबाई, पास तर एकच आहे."

"हाव जी, एकच हाये. नाटकाचा पास हाये ना? मंग पाव्हणे त येतीनच."

"अहो, त्यावर लिहिलंय..."

त्यांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. आवाज एकदम खाली आला. "मॅडम, हे चामोर्शीचे लोक हायेत. रुपालीसाठी बोलणं चालू हाये. नाटक हाये, या म्हणून मीच बोलावलं. पोरगा, त्याची माय, त्याचा मामा. आता यायले गेटवरून वापस पाठवू का? पोरीचं जमून राह्यलं ते मोडन ना."

मी मागे नजर टाकली. रांगेत जावई होते, नणंदा होत्या, कडेवरची पोरं होती, कुणाचा चुलता ब्रह्मपुरीहून आला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं बालपण नागपुरात गेलं. झाडीपट्टीत नाटक म्हणजे पाहुण्यांचा सण, त्या दिवशी लेकी-जावयांना बोलावतात, घरोघरी चूल पेटलेली असते, सोयरिकी जुळतात, हे मला ऐकून माहीत होतं. चर्चेच्या परिचयपत्रकात तर मीच तसं छापलं होतं. पण आपण पास वाटतोय ते याच लोकांना, हे काही सुचलं नाही.

आमचे सचिव घाईघाईने आले. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का.

"पास असेल तोच आत. बाकीच्यांना नम्रपणे सांगा."

"सर, कुणालाच नम्रपणे सांगता येणार नाही. जावयाला बाहेर ठेवून सासरा आत जाईल का?"

"मग पायऱ्यांवर बसवू म्हणता? फायरची परवानगी जाईल. मी सही करणार नाही."

ते बरोबरच होतं. पायऱ्या मोकळ्या ठेवायच्या, यात तडजोड नाही. मी मेकअप रूमकडे निघाले. रुपालीचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

कंपनीचे प्रमुख डोमाजीभाऊ अर्ध्या मिशा लावून आरशापुढे बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं आणि विचारलं, "भाऊ, दोनदा कराल का? आता एक आणि लगेच मागून दुसरा?"

ते हसायलाच लागले. "मॅडम, रातभर उभे राह्यतो आमी. तुमी अडीच तासाचं मांगितलं तवा पोरं म्हणत होते, हे त सुरू व्हायच्या आंधीच संपलं. दोन काय, करून टाकू. मधात पोरायले चहा आन् पोटाले काईतरी द्या म्हंजे झालं."

सचिवांचा जीव भांड्यात पडला. हॉल आमचाच, त्यामुळे संध्याकाळचा प्रश्न नव्हता. ज्यांना लांबची एस.टी. गाठायची होती ते आणि लहान मुलांवाले पहिल्या खेळाला, बाकीचे दुसऱ्याला, असं मी माईकवर सांगितलं. कुणी कुरकुर केली नाही. पण दुसऱ्या खेळाच्या लोकांना तीन तास ठेवायचं कुठे आणि करायचं काय? मग मी चर्चाच उचलून पुढे आणली. नाटकानंतर नव्हे, आधी. आणि आत नव्हे, बाहेर, कडुनिंबाखाली सतरंज्यांवर.

वंदनाबाई मात्र घाबरल्या होत्या. होणाऱ्या विहीणबाईंना सतरंजीवर तीन तास बसवायचं? त्यांनी चाचरत विचारलं. चामोर्शीच्या त्या बाई शांतपणे खाली बसत म्हणाल्या, "नाटकाले आलो त नाटक पाहूनच जाऊ. घाई कोनाले हाये?"

प्राध्यापकांची पंचाईत झाली. त्यांनी स्लाइड्स करून आणल्या होत्या आणि झाडाला प्रोजेक्टर लागत नाही. एरवी आमच्या चर्चेला पंधरा-वीस डोकी असतात, त्यातली निम्मी चहासाठी. इथे बसायला सतरंजी पुरेना. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "तुमच्या गावात नाटक असलं की घरी काय काय होतं?"

मग माईक परत त्यांच्या हाती येईचना. कुणी पाहुण्यांसाठी केलेल्या वड्यांचं सांगितलं, कुणी लावणीला उठून नाचलेल्या मामाचं. असा फिरत फिरत माईक चामोर्शीच्या बाईंकडे आला. त्यांनी आधी नको नको म्हटलं. मग घेतला.

"मले बी नाटकातच पायलं होतं. मावशीच्या गावाले गेली होती मी. बाजूचे पाव्हणे नाटक पायले आले असंच मले वाटलं. नाटकात सून रडून राह्यली होती, त मी बी रडून राह्यली होती. आन् हे लोक स्टेजकडं नाई, मलेच पाहून राह्यले होते!"

सतरंजीवर हशा पिकला. तो ओसरल्यावर त्यांनी रुपालीकडे वळून माईकवरच विचारलं, "तू रडतं का वं नाटकात?"

रुपाली लाजली, पण उत्तर दिलंच. "नाई जी. मी हासतो. माय रडते."

बाई मनापासून हसल्या आणि रुपालीला जवळ ओढून बसवलं. वंदनाबाईंनी पदराने डोळे टिपले. मला इतकं हलकं वाटलं की मीही जाऊन सतरंजीवर बसले. दुसऱ्या खेळाला ती सगळी एकाच रांगेत बसली होती, मामांसकट. पायऱ्या रिकाम्या होत्या आणि सचिव त्यांच्यावर स्वतः पहारा देत होते.

त्यानंतर मी झाडीपट्टीच्या नाटकाला पास छापताना 'एका कुटुंबासाठी' लिहिते आणि खेळ दोन ठेवते. चर्चा आधी, झाडाखाली. प्राध्यापक आता स्लाइड्स आणत नाहीत. नियोजन म्हणजे खुर्च्या मोजणं हे खरंच, पण त्यांवर कोण बसणार हे आधी विचारावं.

काही महिन्यांनी वंदनाबाई ऑफिसात येऊन रुपालीच्या लग्नाचं आमंत्रण देऊन गेल्या. लग्नाच्या दिवशी मी ऑफिसातून थेट मंगल कार्यालयात गेले. हातात आहेर, चेहऱ्यावर हसू. दारात त्या आणि चामोर्शीच्या बाई दोघीही उभ्या होत्या. वंदनाबाईंनी माझ्या मागे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"एकट्याच आल्या काय जी? बाकीचे कुठी हायेत?"

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "जेवू नकोस," म्हटलं. "आणि येताना आईंना घेऊन ये. शेजारच्या काकूंनाही विचार."