आमचा आड कोरडा न्हाय

सगळ्यात आधी सरपंचाचा मेहुणा आला, चहाच्या वासावर आल्यागत. मागनं कॉलेजच्या पोरी आल्या, गावातल्या विहिरींचा अभ्यास करायला.

"बौद्धवाड्यातला हा आड कोरडाय, बुजवायचाय. आजी, तुमी मधी बोलू नका," मेहुणा म्हणला.

म्या कुठं बोलले? पोहरा सोडला, भरून वर ओढला आन् पोरींना पाजला.

बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या विहिरी आटल्या, तवा आमची शिवाशिव पाळणारं सारं गाव ह्याच आडावर रांगेत उभं होतं. आमी कुणाला परत धाडलं न्हाय. आता ह्यांना हितनं रस्ता पायजे.

पोरींनी नकाशावर आमचा आड मांडला, मला लई बरं वाटलं. तुमीच सांगा, जित्या पाण्यावर माती टाकू द्यायची का? म्या तर कठड्यावरनं उठत न्हाय. पाणी तपासायला पोरी बुधवारी परत येणार हायत.