चुकीच्या बाजूचा हायड्रोजन

कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवून बाई म्हणायच्या, “तापला हाये. म्हणजे काम करून राह्यला.” तापलेल्या लेकराचं कपाळ चाचपावं तसा तो हात असायचा.

चंद्रपूरच्या त्या कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. ॲसिड, नळ्या, बर्नर हे माझं जग. बाई त्याच विभागात प्राध्यापक, पण त्यांच्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. एकदा विचारलंच, “बाई, वास नाई, धूर नाई, हे कोणतं रसायन?”

“तुमी रेणू बाटलीत पाहता भाऊ, मी गणितात पाहते.”

नागभीडजवळच्या बौद्ध शेतमजुराची ही लेक. परदेशातल्या विद्यापीठानं राहा म्हटलं, तरी परतली. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं, “तिथं भात चांगला नाई भेटत.”

जंगलातल्या एका झाडाच्या सालीतल्या रेणूवर बाईंनी तीन वर्षं काम केलं. तो लेख जगभर वाचला गेला. एका मोठ्या पुरस्कारासाठी त्यांचं नावही गेलं. त्याच आठवड्यात एटापल्लीकडची सुनीता, त्यांची संशोधक विद्यार्थिनी, दाराशी येऊन उभी राहिली. मी टेबल पुसत होतो.

“बाई, आपल्या छापलेल्या लेखात एक हायड्रोजन उलट्या बाजूले बसला हाये. म्हणजे तो रेणूच दुसरा झाला, सारं गणित चुकलं.”

बाईंनी पडद्यावर तो रेणू उघडून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मी पुसलेलीच जागा पुन्हा पुसत होतो.

“बरोबर हाये तुह्यं,” त्या म्हणाल्या.

विभागातले एक सर समजावायला आले. “राहू द्या ना बाई. कोणाले दिसते?”

“सुनीताले दिसला ना!”

त्याच दिवशी बाईंनी नियतकालिकाला कळवलं: चूक माझी, शोधली सुनीतानं. पुरस्कार दुसऱ्याला गेला. सुनीता रडायला लागली, तर बाईंनी सगळ्यांसाठी तर्री-पोहे मागवले. “रडते काऊन व? मले आज खरी विद्यार्थिनी भेटली.” पुढं दोघींनी सारं गणित नव्यानं केलं. त्या नव्या लेखावर पहिलं नाव सुनीताचं होतं.

बाई आता निवृत्त होऊन गावी राहतात. पण मला दिसतो तो त्यांचा कॉलेजातला शेवटचा दिवस. सुनीता तोवर तिथंच शिकवायला लागली होती. तिच्या तासाला बाई वही घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मध्येच हात वर करून त्यांनी शंका विचारली.

सुनीतानं फळ्यावरचं गणित पुन्हा पाहिलं, मग म्हणाली, “ते पुढच्या तासाले सांगते, बाई.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि मान खाली घालून त्यांनी शंका वहीत लिहून ठेवली.