हरणावरचं पाणी

आमचा मामा चित्रांच्या गुहेचा राखणदार. पगार बेताचा, पण रुबाब असा की हजारो वर्षांपूर्वीची ती चित्रं जणू त्यानेच काढलीत. पाहुण्यांना तो आधी कोरडं हरीण दाखवायचा. ते डोळे बारीक करून "कुठाय हरीण?" म्हणाले की स्वारी खूश. मग बादलीत फडकं बुडवून तो खडकावरून हळूच फिरवायचा आणि फिकट हरीण लालबुंद होऊन समोर उभं राहायचं. लोक टाळ्या वाजवायचे. मामाला आभाळ ठेंगणं व्हायचं.

मी रंग तपासायच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा त्याने भेटेल त्याला सांगितलं, "आता आमच्या हरणाचं रक्त भाची तपासणार!"

तपासलं. रंग गेरूचा, लोहाने भरलेला. पण टाचणीच्या टोकाएवढा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा खरं दुखणं दिसलं. रंगावर क्षाराचे पांढरे पापुद्रे चढले होते आणि त्यांच्याखाली रंग खडकापासून सुटत चालला होता. पाणी खडकात मुरतं, आतले क्षार विरघळवतं आणि सुकताना वर आणून सोडतं. त्याच खडकावर उंचावर रंगवलेले बैल ठणठणीत होते. क्षार होते ते फक्त मामाचा हात पोचेल तिथपर्यंत.

अहवालात मी लिहिलं, 'कारण: ओलावा.' खोटं नव्हतं, पण पळवाट होती, आणि ती मला चांगलीच कळत होती. खरं लिहिलं असतं तर निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाची नोकरी गेली असती.

घरी जाऊन मामाला वाचून दाखवलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"ओलावा म्हणजे कसला गं? पावसाचा?"

मी अहवालाची घडी घालू लागले.

"माझ्या फडक्याचा ना?"

"हो, मामा."

"आणि हरीण?"

"फार वर्षं नाही टिकणार."

त्याने स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "तसं लिही. नाहीतर माझ्यामागून येणारा पण बादली घेऊनच उभा राहील."

मी रडत रडत लिहिलं: राखणदाराने, तेवीस वर्षं, रोज, ओल्या फडक्याने. त्याखाली आणखी एक ओळ घातली: पहिल्यांदा भाचीच्या हट्टामुळे. सात वर्षांची असताना हरीण दिसत नाही म्हणून मीच तिथे भोकाड पसरलं होतं. मला गप्प करायला मामाने बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला होता. त्याआधी त्याने त्या खडकाला कधी बोटही लावलं नव्हतं.

मामाने ती ओळ दोनदा वाचली.

"ही ओळ खोड. तू सात वर्षांची होतीस. राखणदार मी होतो."

मी खोडली. खोडायला नको होती.