इंदिराबाईंचं 'हो'

इंदिराबाई सिडकोत एका खोलीत एकट्या राहायच्या. अंगणवाडीतून रिटायर झाल्यावर आमच्या सर्वेक्षणाच्या कामाला आल्या. मी त्यांचा सुपरवायझर. वयाने निम्मा आणि तोंडाने फाटका, कबूल करतो.

प्रश्न अवघड होता. घरातलं कोणी तुमच्यावर हात उगारतं का? म्हातारी माणसं तोंडावर 'नाही'च म्हणणार. म्हणून नाण्याची युक्ती. आपण पाठ फिरवायची, त्यांनी नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. मग कोणाचं 'हो' कशामुळे, ते आम्हालाही कळत नाही; पण हजार जणांना विचारलं की छाप्याचे साधारण पाचशे 'हो' वजा करून खरा अंदाज निघतो.

ट्रेनिंगला मी इंदिराबाईंनाच उभं केलं. "रविवारी दिवसभर कोणाशीच बोलणं झालं नाही, असं होतं का?"

त्यांनी पदराआड नाणं उडवलं, बघितलं, म्हणाल्या, "हो."

"बघा! छाप्याचं 'हो' की खरं? कळलं काही? घंटा!" सगळे खो खो हसले. इंदिराबाईही हसल्या. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढे पिंपळगावला त्यांना बयाबाई भेटल्या. इंदिराबाई पाठ करून बसल्या, तर म्हातारीने नाणं पुढे आणून त्यांच्याच नाकासमोर धरलं. "मला दिसत नाय बाई. काय पडलं?"

काटा होता. इंदिराबाईंनी तसं सांगितलं.

बयाबाईंनी दाराकडे पाहिलं. मुलगा बाहेर गेला होता. "मग हो," त्या हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी इंदिराबाईंनी आपणहून सांगितलं, "सर, नाणं मला दिसलं." मी भडकलो. "अहो, एवढं घोकून घेतलं होतं ना तुमच्याकडून? नाणं दिसलं की फॉर्म बाद!" आणि मारली फुली.

"सर, ती बाई पहिल्यांदा कोणापाशी तरी बोलली. ते बाद?"

"आकड्यात धरता येत नाही, मी काय करू?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "ठीक आहे. मी दर रविवारी जाईन तिच्याकडे. परकं माणूस घरात येत-जात राहिलं की हात जरा आवरतो."

"अहो, तुमचा सुट्टीचा दिवस कशाला घालवता?"

"सर," त्या म्हणाल्या, "ट्रेनिंगला माझाही काटाच पडला होता."